भातातले विष

जपानच्या तोयामा प्रांतातील जिंझू नदी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती पोशीत आली. तिच्या वरच्या अंगास कामिओकाची जस्त-शिशाची खाण होती. खाणीचे सांडपाणी नदीत मिसळे आणि पाटाच्या पाण्याबरोबर कॅडमियम हा धातू खाचरांत उतरे. दाण्याच्या रूपावरून विष ओळखू येत नसे. परंतु तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली, हाडे मऊ पडली. नुसत्या खोकल्यानेही ती मोडत. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, हा रुग्णांचा आक्रोशच रोगाचे नाव झाला. गावचे डॉक्टर हागिनो यांनी चिकाटीने कारणाचा माग काढला. १९६८ साली सरकारने ते मान्य केले.

शेणखत मातीत कुजते. धातू कुजत नाही. म्हणून तेथील शेतांची माती सुधारण्याचे काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले. जे पाणी खाणीच्या तोंडाशीच निर्मळ करावयाचे, ते शेतात शिरल्यावर तेहेतीस वर्षांचे श्रम मागते. भारतातही शहरांच्या कडेला कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या सांडपाण्यावर पालेभाज्या पिकतात. तेथील शेतकऱ्याला दुसरे पाणी नसते. म्हणूनच ते निर्मळ करण्याचा भार, ते नासवणाऱ्यानेच उचलला पाहिजे.