छातीतील धडधड : मनाची की ग्रंथीची?



परीक्षेचे दिवस जवळ आले की कित्येक घरांतून एक तक्रार ऐकू येते. मुलगी म्हणते, "छातीत धडधडते, हात कापतात, रात्री झोप लागत नाही." यावर घरातील मंडळींची उत्तरे ठरलेली असतात. वडील म्हणतात, अभ्यासाची धास्ती घेतली आहे, दुसरे काही नाही. आजी म्हणते, नजर लागली. शेजारच्या बाई म्हणतात, हृदयाचा विकार असेल, लग्नाआधी कोठे बोलू नका. या तिन्ही उत्तरांत एक उणीव समान आहे. मुलीची नाडी कोणीच मोजलेली नसते!

ही नाडी कशी मोजावी आणि ती काय सांगते, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रौढ माणसाचे हृदय स्वस्थ बसले असता मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. लहान मुलांत हा आकडा अधिक असतो. स्वस्थ असतानाही प्रौढाचे ठोके १०० च्या वर राहू लागले, तर त्याला आपण जलद नाडी म्हणतो. ठोक्यांची सुरुवात हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यापासून होते. कीथ आणि फ्लॅक या दोघांनी १९०७ साली तो शोधून काढला. या पुंजक्याला दोन प्रकारचे मज्जातंतू येऊन मिळतात. टांगेवाल्याच्या एका हातात लगाम असतो आणि दुसऱ्या हातात चाबूक, तसेच हे आहे. एक मज्जातंतू हृदयाला आवरतो, दुसरा पळवतो. स्वस्थ बसलेल्या माणसात लगामाचा जोर अधिक असतो.

आता भीतीचे काय होते ते पाहू. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी आहेत. भय वाटताच त्यांतून अॅड्रेनलिन नावाचा हार्मोन रक्तात उतरतो. हृदय वेगाने धावते, श्वास वाढतो, तळव्यांना घाम सुटतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ च्या आपल्या ग्रंथात याची मीमांसा केली. संकट आले असता लढण्यासाठी अगर पळण्यासाठी शरीर अशी तयारी करते. समोर वाघ असो की गणिताची प्रश्नपत्रिका, ग्रंथीला त्यातला फरक कळत नाही. म्हणूनच "ही सगळी मनाची कल्पना आहे" असे म्हणणे चुकीचे आहे. भीती मनातली असेल, पण धडधड खरी असते. ती ऐकून मुलगी आणखी घाबरते, जोरजोरात श्वास घेते, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात आणि आता आपला जीव जातो असे तिला वाटते. असा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि पुढे आपोआप ओसरतो.

परंतु प्रत्येक धडधड भीतीची नसते. गळ्याच्या पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी आहे. पाठ्यपुस्तकात तिला अवटु ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात सर्वजण थायरॉइड म्हणतात. शरीराची भट्टी किती तापवायची हे ती ठरवते. तिचा हार्मोन जास्त झाला की हृदय दिवसरात्र धावू लागते. हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते, झोप उडते. हुबेहूब चिंतेचीच लक्षणे! हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो.

हा घोटाळा आजचा नाही. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली या विकाराचे वर्णन केले. त्यांनी नोंदवलेल्या रुग्णांत वीस वर्षांची एक स्त्री होती. तिची लक्षणे प्रथम वाताच्या झटक्याची, म्हणजे मनाच्या दुबळेपणाची, समजली गेली होती. पुढे काही महिन्यांनी लक्षात आले की तिची नाडी कधीच १२० च्या खाली येत नाही. आज त्या विकाराला ग्रेव्हजचेच नाव आहे. जवळजवळ दोनशे वर्षे लोटली, तरी आपल्या घरांतून तीच चूक होत आहे.

मग फरक कसा ओळखावा? जुन्या वैद्यांची एक साधी युक्ती आहे. माणूस झोपला असता नाडी मोजावी. झोपेत भीती निजते, ग्रंथी निजत नाही. चिंतेची धडधड असेल तर गाढ झोपेत ठोके बहुधा खाली येतात. थायरॉइडचा दोष असेल तर झोपेतही ते बरेचसे चढेच राहतात. आईने मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दोन बोटे हलकेच टेकवावी आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. असे तीन-चार रात्री करून आकडे कागदावर लिहावे आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा.

आणखीही काही खुणा आहेत. भूक चांगली असून वजन घटते, उकाडा सोसत नाही, पाळी कमी येते, डोळे मोठे दिसू लागतात, गळा भरल्यासारखा वाटतो, या खुणा थायरॉइडकडे बोट दाखवतात. चिंतेत तळवे बहुधा गार आणि ओले असतात, थायरॉइडमध्ये ऊबदार आणि ओले. मात्र या खुणा म्हणजे पुरावा नव्हे. निर्णय रक्ताच्या तपासणीनेच होतो. टी.एस.एच. कमी आणि टी-फोर किंवा टी-थ्री जास्त आले, तर ग्रंथी अधिक काम करते आहे असे समजतात.

त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. रक्त पातळ असेल तर तेवढाच प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला अधिक फेऱ्या माराव्या लागतात. याखेरीज गरोदरपणात नाडी थोडी वाढतेच. बाळंतपणानंतर काही महिन्यांत थायरॉइडला सूज येऊ शकते आणि पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघताना धडधड होते. ताप, कडक चहा, मिसरी, दम्याचा पंप, वजन उतरवण्यासाठी कोणाच्या सांगण्यावरून घेतलेली थायरॉइडची गोळी, हीही कारणे विसरू नयेत.

काही प्रसंगी मात्र आकडे लिहीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखले, बसल्या जागी दम लागला, तर वेळ दवडू नये. धावताना किंवा खेळताना धडधड होऊन भोवळ आली, अगर घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय राहू नये. बटण दाबल्यासारखे ठोके एकदम १५० च्या वर जात असतील, किंवा वयस्क माणसाची नाडी वेडीवाकडी लागत असेल, तर हृदयाचा आलेख काढलाच पाहिजे.

उपचार दोन्हींवर आहेत. थायरॉइडसाठी कार्बिमॅझोलसारखी गोळी बहुधा वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागते. ती चालू असता ताप येऊन घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्या. ठोके आवरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल देतात. दमेकऱ्याने आपला दमा डॉक्टरांना आधीच सांगावा, कारण त्याला ते घातक ठरू शकते. चिंतेसाठी सावकाश श्वास, विशेषतः लांब उच्छ्वास, नियमित झोप, चालणे आणि जाणत्या माणसाशी बोलणे उपयोगी पडते. त्रास मोठा असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे विनामूल्य सल्ला मिळतो. दोन्ही विकार एकाच वेळी असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. गळ्याची ग्रंथी ताळ्यावर आली म्हणजे मनाचे दुखणे गेलेच, असे नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. लग्न ठरत नाही या भीतीने मुलीचे दुखणे लपवले जाते. सासरी गेल्यावर गोळ्या बंद होतात. उपचार न झालेला थायरॉइडचा हा विकार गरोदरपणात आई आणि मूल दोघांनाही धोक्याचा असतो. उलट, आधी सांगितले तर डॉक्टर औषध बदलून देतात आणि बाळंतपण सुखरूप पार पडू शकते. लपवण्यासारखे यात काही नाही.

शिक्षिकांना माझी विनंती आहे. वर्गात एखादी मुलगी छातीवर हात ठेवून बसली तर तिला घाबरट म्हणू नका. तिला शांत बसवा आणि मनगटावर दोन बोटे ठेवा. ते एक मिनिट तिचे शिक्षण आणि आरोग्य दोन्ही वाचवू शकेल.