गोधडी आणि शिवणाचें यंत्र



गोधडी ही घरांतील एक अबोल वस्तु आहे. थंडीच्या दिवसांत ती पेटींतून बाहेर निघते, चार महिने अंगावर पडून राहते, आणि उन्हाळा लागला कीं पुन्हां पेटींत जाते. तिच्याकडे आपलें लक्ष जातें तें ती फाटते तेव्हां. परंतु गेल्या कांहीं वर्षांत शहरांतील सुशिक्षित घरांतून गोधडी शिवण्याची हौस पुन्हां वाढूं लागली आहे. कोणी आजीचीं लुगडीं जपून राहावीं म्हणून, कोणी होणाऱ्या नातवाला दुपटें हवें म्हणून, तर कोणी केवळ हाताला चाळा असावा म्हणून सुईदोरा घेऊन बसतो. दोन-तीन दुपटीं हातावेगळीं झालीं कीं प्रश्न उभा राहतो : घरांतलें यंत्र या कामाला पुरत नाहीं, अधिक चांगलें घ्यावें, पण तें कोणतें? आज या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. यंत्रांच्या नांवांची आणि किंमतींची यादी मी देणार नाहीं. ती दरसाल बदलते. गोधडी यंत्राकडून काय मागते तें मात्र बदलत नाहीं, आणि तेवढें समजलें म्हणजे निवड पुष्कळच सोपी होते.

प्रथम गोधडीची रचना पाहूं. वर एक थर, खालीं एक थर, आणि मध्यें ऊब धरणारें भरण, असे तिचे तीन भाग. आपल्याकडे हें भरण बहुधा जुन्याच कापडाचें असतें. नऊवारी लुगडें म्हणजे २७ फूट कापड; त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो, आणि मोठ्या माणसाच्या पांघरुणाला एवढीच लांबी लागते. म्हणजे एका लुगड्यांतून चार थर निघतात. हा हिशेब आपल्या आज्यांनीं कागदावर मांडला नव्हता, पण लुगडें जुनें झालें कीं त्याची गोधडी व्हावयाची हें त्यांच्या मनांत पक्कें असे. कोठें तिला वाकळ म्हणतात. लहान मुलाची असली तर तें दुपटें. उत्तर कानडा जिल्ह्यांतील हल्याळ-यल्लापूर भागांत सिद्दी स्त्रिया जी कवंदी शिवतात ती याच कुळांतली. त्या समाजाचे पूर्वज आफ्रिकेंतून आलेले, आणि त्यांतील पुष्कळसे गोव्याकडून त्या रानांत गेलेले. कांठापासून आरंभ करून फेऱ्याफेऱ्यांनीं मध्याकडे जावयाचें, ही त्यांची शिवण्याची रीत.

नवशिक्यानें पहिली गोधडी हातानें शिवावी असें माझें सांगणें आहे. ती पूर्ण आकाराची नको. दीड-दोन हात चौरस दुपटें पुरे. जुन्याचा अभिमान म्हणून मी हें सांगत नाहीं. हातानें शिवतांना दोन गोष्टी बोटांना कळतात, त्या यंत्रापुढें बसून कळत नाहींत. पहिली ही कीं, थर एकमेकांवर स्वस्थ बसत नाहींत, ते सरकतात. म्हणून जाणती बाई सर्व थर जमिनीवर नीट ताणून अंथरते, आणि मध्यापासून बाहेर, चार-चार बोटांच्या अंतरानें, लांब कच्चे टांके घालून घेते. दुसरी गोष्ट ही कीं, एकाच कापडाच्या सर्व भागांचें बळ सारखें नसतें. पदराकडचा भाग अजून घट्ट असतो, तर बसण्याउठण्यानें झिजलेला भाग सुईचें टोंक लागतांच विरूं लागतो.

ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण हाताच्या टांक्याचा आणि यंत्राच्या टांक्याचा स्वभाव वेगळा. हाताच्या धांवदोऱ्यांत एकच दोरा खालीं-वर जातो आणि कापडाला थोडें हालावयास जागा राहते. यंत्रांत वरचा व खालचा असे दोन दोरे असतात; सुई वरचा दोरा कापडांतून खालीं नेते, खालीं त्याच्या फांसांत बॉबिनचा दोरा अडकतो, आणि दोघांची गुंफण कापडाच्या पोटांत आवळून बसते. अमेरिकेंत एलायस होव यानें १८४६ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें त्याचा टांका असाच दुहेरी होता, आणि आजचें संगणक बसविलेलें घरगुती यंत्रहि मुळांत तोच टांका घालतें. हा टांका मजबूत खरा. पण जीर्ण लुगड्यावर तो बारीक व आवळून घातला तर टांक्यांची रांग पोस्टाच्या तिकिटांमधील छिद्रांच्या रांगेसारखी होते, आणि धुतांना कापड नेमकें त्या रेघेवर फाटतें. दुसरें लुगडें बाजारांत मिळेल; आजीचें मिळणार नाहीं.

म्हणून यंत्र वर्ज्य मानावें असें मात्र नाहीं. यंत्रांविषयीं एरवीं साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनींहि १९२४ सालीं शिवणाच्या यंत्राला अपवाद मानिलें, कारण त्याच्या मागें घरच्या स्त्रीचे श्रम वांचविण्याची कळकळ होती असें त्यांचें मत होतें. प्रश्न आहे तो कोणतें काम कोणाकडे सोंपवावयाचें एवढाच. घट्ट कापडाचे तुकडे जोडणें, कांठाला गोट लावणें, आणि जिला वारंवार धुणें सोसावयाचें आहे अशी गोधडी थरांसकट शिवणें, हीं कामें खुशाल यंत्राला द्यावीं. जीर्ण झालेलें, आठवणींचें कापड हातानेंच शिवावें. यंत्रावर घ्यावयाचेंच असेल तर त्यामागें घट्ट सुती अस्तर लावावें आणि टांका लांब ठेवावा, इंचाला आठांहून अधिक टांके नकोत.

आतां यंत्राकडे वळूं. पहिली गोष्ट सरळ टांक्याची. तुकडे जोडतांना कांठापासून पाव इंच आंत शिवण घेण्याचा प्रघात आहे. समजा, एका रांगेंत आठ तुकडे आहेत, म्हणजे सात शिवणी झाल्या. प्रत्येक शिवण इंचाचा केवळ सोळावा भाग अधिक आंत गेली, तर दोन्ही तुकडे मिळून इंचाचा आठवा भाग गिळला जातो, आणि सात शिवणींत रांग पाऊण इंचाहूनहि अधिक आंखूड होते. शेजारची रांग बरोबर असली तर या दोघी जुळावयाच्या कशा? तेव्हां यंत्र रेघ न सोडतां शिवतें का, आणि पाव इंचाचें माप दाखविणारा पाय त्याला मिळतो का, हें आधीं पाहावें. नक्षीचे शंभर टांके काढणारें यंत्र सरळ टांका सरळच घालील असा नियम नाहीं. आणि गोधडीला शंभरांपैकीं लागतो तो हा एकच.

दुसरी गोष्ट थर सरकण्याची. यंत्रांत कापड पुढें नेण्याचें काम खालचे दाते करतात आणि वरून पाय तें दाबून धरतो. एकेरी-दुहेरी कापडाला एवढें पुरतें. गोधडींत मात्र खालचा थर दात्यांबरोबर चालूं लागतो, वरचा पायाखालीं अडखळतो, आणि शेवटास पोंचेपर्यंत वरच्या थराला झोळ आलेला असतो. यावर उपाय म्हणून एक निराळा पाय मिळतो. त्याला दुकानदार 'वॉकिंग फूट' म्हणतात. त्याला स्वतःचे दाते असतात, आणि त्याचा लहानसा दांडा सुईच्या स्क्रूवर बसत असल्यामुळें सुई वर-खालीं होतांना तो वरचा थरहि खालच्याबरोबर पुढें नेतो. आपण घेऊं त्या यंत्राला हा पाय बसतो कीं नाहीं हें आधीं विचारावें. ज्यांना पुढेंमागें वेलबुट्टी काढावयाची असेल त्यांनीं दाते खालीं पाडण्याची किंवा झांकण्याची सोय आहे का हेंहि पाहावें. त्या शिवणांत कापड हातांनींच फिरवावयाचें असतें.

तिसरी गोष्ट जागेची. सुईपासून यंत्राच्या उजव्या खांबापर्यंत जें अंतर असतें, त्यांतूनच गुंडाळलेली गोधडी न्यावयाची असते. पुष्कळ घरगुती यंत्रांत तें साडेसहा-सात इंच असतें. गोधडीसाठीं मुद्दाम केलेल्या यंत्रांत ९ ते ११ इंच. दुपट्याला लहान अंतर चालतें. पांच फूट रुंदीची गोधडी मध्यापर्यंत शिवावयाची म्हणजे अडीच फुटांचा गुंडाळा त्या खिंडींतून न्यावा लागतो. मोठें यंत्र परवडत नसेल तर गोधडी चार भागांत शिवून मग ते भाग जोडावे. यंत्राच्या डाव्या व मागच्या अंगास मेज मांडून सर्व वजन त्यावर टाकावें. लोंबणारी गोधडी सुईला ओढते, टांका वांकडा करते आणि प्रसंगीं सुई मोडते.

चौथी गोष्ट शक्तीची. यंत्र मिनिटाला किती टांके घालतें हा आंकडा जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापतात. नवशिक्याला वेग नको असतो. यंत्र अगदीं हळू चालत असतांनाहि सुई पांच-सहा थरांतून न अडखळतां गेली पाहिजे, हें त्याचें खरें बळ. थांबल्यावर सुई कापडांतच राहावी अशी सोय असली तर कोपऱ्यावर वळणें सोपें होतें. सुई १४ किंवा १६ नंबरची वापरावी आणि प्रत्येक मोठ्या गोधडीला नवी घ्यावी. बोथट सुई कापड भोसकते, आणि दोष मात्र यंत्राला लागतो.

हे सर्व गुण पारखावयाचे कसे? दुकानांत जातांना आपल्याच गोधडीचा वीतभर नमुना करून न्यावा : वरखालीं सुती कापड, मध्यें आपलें नेहमींचें भरण, आणि वर निदान दोन जोड. दुकानदार कडक, कोऱ्या कापडाची जी पट्टी पुढें करतो, तिच्यावर बहुतेक सर्व यंत्रें चांगलींच शिवतात. आपला नमुना पायाखालीं कोंबावा लागला तर तेथेंच समजावें कीं हें यंत्र आपल्या उपयोगाचें नव्हे. तो सहज गेला तर जोडावरून जाणारी एक लांब रेघ हळू हळू शिवावी, आणि मग नमुना उलटून पाहावा. खालीं दोऱ्याचीं वेटोळीं झालीं आहेत का? जोडावर चढतांना टांके आंखूड झाले का? शेवटास सुरकुती सांचली का? या तीन प्रश्नांचीं उत्तरें जितकीं खरीं मिळतात, तितकीं कोणत्याहि माहितीपत्रकांत मिळत नाहींत. शेवटचा प्रश्न दुकानदाराला विचारावा : बिघडलें तर दुरुस्त करणारा कारागीर आपल्या गांवांत आहे का, आणि बॉबिन व पाय सुटे मिळतात का?

पुष्कळ घरांत आजहि काळें, लोखंडी, पायानें चालविण्याचें यंत्र कोपऱ्यांत उभें असतें. नवें घेण्याच्या भरांत तें विकूं नये. तेल-पाणी करून, पट्टा बदलून त्याच नमुन्यावर त्याचीहि परीक्षा घ्यावी. सिंगर कंपनीनें १९३३ सालीं काढलेलें 'फेदरवेट' हें सुमारें पांच किलो वजनाचें यंत्र फक्त सरळ टांका घालतें. तरी अमेरिकेंतील गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया तें अजून शोधून शोधून आणतात. घरचें यंत्र परीक्षेंत उतरलें तर वांचलेले पैसे चांगलें कापड व चांगला दोरा यांवर खर्च करावे.

एक शेवटची सूचना. यंत्र नवें असो वा जुनें, त्यावरच्या पहिल्या दोन-तीन गोधड्या बाजारच्या साध्या सुती कापडाच्या कराव्या. त्यांत हाताला यंत्राची गति कळते, उसवावें लागलें तरी जीव हळहळत नाहीं, आणि त्या पांघरावयास कामीं येतातच. आजीचें लुगडें तोंवर पेटींत राहूं द्यावें. तें इतकीं वर्षें थांबलें आहे. आपला हात बसेपर्यंत आणखी थोडें थांबेल.