‘टर्न’ म्हणजे ‘वळा’ की ‘तुझा डाव’?

(जिंतूर येथे, भाषांतराच्या कामात मदत करू इच्छिणाऱ्या तरुण संघापुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या वसतिगृहातल्या संगणकांवर ‘जीकाँप्री’ नावाचा मोफत खेळसंच आहे. हे नाव फ्रेंचमधल्या ‘मला समजलं’ या शब्दांवरून घेतले आहे. २००० साली एका फ्रेंच प्रोग्रॅमरने तो सुरू केला. अक्षरे, बेरीज-वजाबाकी, बुद्धिबळ असे शंभराहून अधिक खेळ त्यात आहेत, आणि त्यांतले शब्द मराठीत आणायला कुणीही हातभार लावू शकतो.

अडचण अशी, की भाषांतर करणाऱ्याला खेळ दिसत नाही. समोर येते ती सुट्या इंग्रजी शब्दांची यादी. ‘टर्न’ घ्या. पेंग्विनला माशापर्यंत न्यायच्या खेळात तो ‘वळा’ असतो, दोघांच्या खेळात ‘आता तुझा डाव’. शब्दकोशात ‘पाळी’ सापडेल. पण मुलींच्या वसतिगृहात पडद्यावर ‘तुझी पाळी’ आले तर काय होईल, ते मी सांगायला नको. ‘चेक’ बुद्धिबळात ‘शह’, उत्तराखाली ‘तपासा’. ‘ड्रॉ’ एका ठिकाणी बरोबरी, दुसरीकडे चित्र काढणे. ‘सेव्ह’ पाहून तुम्हाआम्हाला तारण आठवेल, पण तिथे फक्त जतन करायचे आहे! म्हणून आधी खेळ उघडा, स्वतः खेळा, मग लिहा.

व्हिडिओ गेममध्ये ‘लाइफ’ येते. त्याला ‘जीवन’ लिहू नका. आईवडील ऊसतोडीला गेलेले, सात वर्षांचे लेकरू ‘तुझे एक जीवन संपले’ असे एकटेच वाचत बसेल. ती नुसती चुकण्याची सवलत आहे. ‘अजून दोन चान्स’ लिहा, मुले तसेच म्हणतात. ‘गेम ओव्हर’ला ‘डाव संपला’ पुरे. संपलेला डाव पुन्हा मांडता येतो, हे त्यांना ठाऊक असते.

इंग्रजी वाक्यात मुलगा की मुलगी कळत नाही. मराठीत ‘तू जिंकलास’ लिहिले, की आपल्या आंध समाजाच्या मुली त्या वाक्याबाहेर राहिल्या. ‘तुम्ही जिंकलात’ व्याकरणाला चालेल, पण पहिलीतल्या पोरीला ‘तुम्ही’ कोण म्हणतो? मी ‘शाब्बास, जमलं!’ लिहितो.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली त्या प्रभूघरी गेल्या; ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. कमी शिकलेल्या बायांना वाचता यावे, म्हणून त्यांनी जड संस्कृत शब्द टाळले. आपल्यापुढचे काम त्यामानाने फारच लहान आहे, पण वाचणारे तसेच आहेत.

‘लेव्हल’चे मात्र अजून ठरलेले नाही. ‘पातळी’ म्हटले की इथल्या मुलांना येलदरी धरणाचे पाणी आठवते. मला ‘पायरी’ बरी वाटते. रविवारी उपासनेनंतर मुलांनाच विचारा आणि ती काय म्हणतात ते वहीत लिहून आणा.