कोतवाराच्या वहीची नक्कल



शताब्दीच्या प्रसंगी मी ग्रंथांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु जिला कुणी ग्रंथ म्हणत नाही, अशा एका वहीविषयी मला बोलायचे आहे. ती म्हणजे गावच्या कोतवाराची जन्ममृत्यूची वही.

इंग्लंडात १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने चर्चमधून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ झाला. आज तेथील हौशी अभ्यासक खेड्यापाड्यांतील त्या वह्यांच्या नकला निष्ठेने करीत असतात. तीत बाप्तिस्म्याचा दिवस मिळतो. जन्माचा मिळेलच असे नाही. आपल्या जुन्या मध्य प्रांतात हे काम देवळाकडे नव्हते, कोतवाराकडे होते. कोणत्याही जातिधर्माच्या घरी मूल जन्मले की तो ठाण्यावर वर्दी देई. बाळाचे नाव ठरलेले नसे; म्हणून बापाचे नाव, जात आणि पुढे नुसते ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच पुष्कळदा आढळते.

मराठी मुलखातील जुन्या नोंदी बऱ्याच ठिकाणी मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि आधी ओढलेल्या रेषेखाली शब्द न तोडता ओळ भरली जाते. शब्द कोठे तोडायचा, हे नक्कल करणाराच ठरवितो. ही जबाबदारी लहान नव्हे. ‘गोवारी’ आणि ‘गोंड गोवारी’ एकच की भिन्न, या प्रश्नाच्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात ११४ माणसे चेंगरून मेली. दोन्ही एक नव्हेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी दिला. एका शब्दाच्या अधिकउण्याने घराचे भवितव्य बदलते, ते असे.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी मात्र दोन्हीकडे राहिल्या. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या दिवशी कुटुंबाचा रहिवास कोठे होता, हे दाखल्याच्या वेळी पाहिले जाते. उकव्यासारख्या मँगनीजच्या खाणीच्या गावी पोटापाण्यासाठी येऊन वसलेल्या घराला आजोबांच्या गावची एक ओळ म्हणूनच लाखमोलाची ठरते.

तेव्हा नक्कल करणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. मूळ नोंद चुकीची वाटली तरी सुधारू नये. नसलेले नाव आपल्या पदरचे घालू नये. अक्षर लागले नाही, तर तेथे जागा कोरी सोडून शंका स्पष्ट लिहावी. उपकार म्हणून केलेली दुरुस्ती पुढे त्याच कुटुंबाच्या गळ्याशी येते.

मूळ वही सरकारदप्तरीच राहावी. परंतु तिचे छायाचित्र आणि शेजारी देवनागरी नक्कल ठेवण्यास आपल्या ग्रंथालयाने एक कपाट द्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. ज्यांचे नावही लिहिले गेले नाही, त्या मुलामुलींची नातवंडे उद्या आपल्याच दारी विचारीत येतील. त्यांना खरी ओळ दाखविता यावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.