सही कोणाची?

(वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या वैद्यकीय नीतिशास्त्र व व्यावसायिक आचार या ऑनलाइन पदव्युत्तर प्रशिक्षणवर्गाच्या प्रारंभी केलेले भाषण)



वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गाचा प्रारंभ एका माहिती अधिकाऱ्याच्या भाषणाने व्हावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. मलाही ते वाटले. मी कला शाखेचा पदवीधर. नाडी नेमकी कोठे पाहावी, हेही मला खात्रीने सांगता येणार नाही. परंतु आपल्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जे बाकडे असते, त्यावर मी अनेकदा बसलो आहे. त्या बाकड्याच्या वतीने काही बोलावे, अशी संयोजकांची इच्छा दिसते.

२००४ साली माझ्या आईवर पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच घडत असे. आदल्या रात्री एका कर्मचाऱ्याने माझ्यापुढे छापील कागद धरला. मजकूर इंग्रजीत होता आणि शस्त्रक्रियेचे नाव लिहावयाची जागा कोरी होती. मी सही केली. आई दोन हातांवर खाटेवर जागी होती, पूर्ण शुद्धीत होती. सातवीपर्यंत शिकलेली ती बाई रोज वर्तमानपत्र वाचीत असे. कर्मचारी निघून गेल्यावर तिने मला विचारले, "अरे, पोट माझं कापणार ना? मग सही तुझी कशाला?"

मी हसण्यावारी नेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्या शल्यचिकित्सकांविषयी आमच्या घरात आजही आदराने बोलले जाते. पण आईच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर तो प्रश्न आहे हेच मला तेव्हा कळले नव्हते.

उत्तर मिळाले ते २००८ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात. समीरा कोहली खटला या नावाने तो आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९९५ साली दिल्लीतील एक अविवाहित महिला दुर्बिणीने पोटाची तपासणी करून घेण्यासाठी रुग्णालयात दाखल झाली. भूल दिलेली असताना डॉक्टरांना आजार गंभीर वाटला. बाहेर थांबलेल्या आईची संमती घेण्यात आली आणि रुग्णेचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयाने डॉक्टरांच्या हेतूवर संशय घेतला नाही. मात्र न्यायालय म्हणाले की, तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. रुग्ण सज्ञान आहे, केवळ काही वेळ भुलीखाली आहे आणि प्राणाला तातडीचा धोका नाही, अशा वेळी आईने तिच्या वतीने दिलेली संमती चालणार नाही. शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. भरपाई ठरली २५ हजार रुपये, आणि शस्त्रक्रियेचे शुल्कही डॉक्टरांना मागता येणार नाही असे ठरले. रकमेकडे पाहू नका. चांगल्या हेतूने, कौशल्याने केलेले कामही रुग्णाला न विचारता केले तर चुकीचे ठरते, हे या देशात इतक्या स्पष्टपणे प्रथमच सांगितले गेले असे मला वाटते.

डॉक्टरांच्या आचाराचे नियम २००२ साली झाले. त्यांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घ्यावी असे आहे. ती कोणाची, हे सांगताना त्या वाक्यात आधी पती वा पत्नी येतात, मग अज्ञान मुलाचे पालक, आणि अखेरीस स्वतः रुग्ण येतो. मसुदा करणाऱ्यांच्या मनात काही वावगे नसेल. पण शासकीय मसुदे वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि शब्दांचा क्रम पुष्कळ काही सांगून जातो, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे रुग्ण हा घराचा असतो. निर्णय घर घेते, पैसा घर उभा करते, डबाही घरच आणते. ही आपल्या समाजाची फार मोठी शक्ती आहे. तिच्याच आड रुग्णाचा आवाज कसा हरवतो, याचा विचार मात्र आपण कमी केला.

हे शिकावयाचे कोठे? २०१९ साली एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय रीतसर अभ्यासक्रमात आला. आज येथे बसलेल्यांपैकी बहुतेकजण त्याआधीचे आहेत. आपण हे वरिष्ठांच्या मागे फेरी करीत, पाहून पाहून शिकलात. वरिष्ठ चांगले असतील तर चांगले शिकलात. नसतील तर काय, हे आपण जाणता. २००२ च्या नियमांनी दर पाच वर्षांत ३० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षिले, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद त्याचे श्रेयांक पाहते. परंतु श्रेयांक मिळविण्यासाठी जिल्ह्याबाहेर जायचे, तर प्राथमिक आरोग्य केंद्र कोणाच्या हवाली करावयाचे? दोन डॉक्टरांपैकी एक रजेवर आणि दुसरा परिषदेत, अशा दिवशी सर्पदंशाचा रुग्ण यायचा राहत नाही.

म्हणून पडद्यावरच्या शिक्षणाला महत्त्व आले. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. दुरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा असे त्यांतच नमूद होते. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनी तर प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यास नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम आवश्यक केला, आणि तो ऑनलाइन घेण्यासही वाव ठेवला.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. आमच्या खात्यातही असे वर्ग होतात. पडदा एका बाजूला चालू, आवाज बंद, आणि टेबलावर नेहमीचे काम. शेवटी दहा प्रश्न येतात. त्यांची उत्तरे कोणीतरी गटावर आधीच पाठविलेली असतात. प्रमाणपत्र छापून फाइलला लागते. माहितीच्या अधिकाराचा एक वर्ग मीही असाच 'उत्तीर्ण' झालो आहे, तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. नीतिशास्त्राचा वर्ग असा उरकणे मात्र फारच विपरीत होईल, कारण ज्या गोष्टीची परीक्षा त्यात आहे, तीच तेथे नापास होते.

ज्या गोष्टी आपण एकमेकांशी बोलत नाही, त्या येथे बोलल्या जाव्यात. मुलगा दारातच गाठून सांगतो, "साहेब, बाबांना कॅन्सरचं बोलू नका." बाबा आत येतात आणि थेट आपल्या डोळ्यांत पाहून विचारतात. त्या क्षणी काय म्हणावे? एच.आय.व्ही. बाधित व्यक्तींची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. पण गावच्या केंद्रात औषधाच्या खिडकीपुढची रांग अशी असते की, कोणी कोणती पुडी घेतली हे सायंकाळपर्यंत पारावर पोहोचते. कायदा आपण पाळला, रांगेचे काय? आणि दाखला! गावातले वजनदार गृहस्थ आजारपणाचा दाखला मागतात, तारीख मागची हवी असते. खोटा दाखला देणे हे गैरवर्तन आहे हे प्रत्येक डॉक्टरला पाठ आहे. पण उद्या केंद्राच्या पाण्याच्या जोडणीसाठी त्याच गृहस्थांकडे जावयाचे असते. एकट्या तरुण डॉक्टरला नियम ठाऊक नसतो म्हणून तो चुकतो असे नाही. "मी असे नाही म्हणालो आणि पुढे असे झाले" हे सांगणारा दुसरा डॉक्टर त्याच्या जवळपास नसतो. गडचिरोलीतला डॉक्टर आणि सिंधुदुर्गातला डॉक्टर एकाच सायंकाळी एकाच प्रसंगावर बोलू शकतात, हे पडद्यामुळे साधते. धडे तर पुस्तकातही मिळतील. मुंबईत १९९३ पासून वैद्यकीय नीतिशास्त्राला वाहिलेले नियतकालिक निघत आले आहे, तेही आपण अवश्य चाळावे.

एक पथ्य तेवढे पाळावे. प्रसंग सांगताना रुग्णाचे नाव, गाव, जात, नाते, काहीही ओळख उघड होऊ देऊ नये. आणि जे ऐकले ते वर्गातच ठेवावे. गुप्ततेवर चर्चा करताना गुप्तता मोडल्याचे प्रकार घडल्याचे ऐकिवात आहे.

पहिल्या सत्राचा विषय संमती हाच आहे. त्या सायंकाळी आपल्या रुग्णालयात वापरात असलेल्या संमतिपत्राचा एक कोरा नमुना प्रत्येकाने जवळ ठेवावा, अशी विनंती संयोजकांच्या वतीने मी करीत आहे. तो मराठीत आहे का, शस्त्रक्रियेचे नाव कोण व केव्हा लिहितो, आणि पहिली रेघ कोणाच्या सहीसाठी आहे, एवढे आधी पाहून ठेवावे. चर्चा तेथूनच सुरू होईल.