शिक्षकाचे पहिले कर्तव्य : शिकणे



लोहगड-विसापूरच्या सावलीतील मावळ ही शिवछत्रपतींच्या मावळ्यांची भूमी. याच मावळातील लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारले. योगी म्हणून त्यांची कीर्ती सर्वदूर आहे. पण त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध एका शिक्षकाचा आहे. अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी मनन करावा, असा तो भाग आहे.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे. १९०३ साली मॅट्रिक होताना त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. एवढ्या गुणवत्तेवर सरकारी नोकरी अवघड नव्हती. पण लोकमान्य टिळक आणि योगी अरविंद यांच्या विचारांनी भारलेल्या या तरुणाने बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेची वाट धरली. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांनी तेथे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले.

पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते अध्यापन करू लागले. खेड्यापाड्यांतील निरक्षरता आणि अंधश्रद्धा त्यांनी तेथे जवळून पाहिली आणि शिक्षणावाचून हा समाज उभा राहणार नाही, ही त्यांची धारणा दृढ झाली. १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीचे हे महाविद्यालय पुढे इंग्रजी राजवटीने बंद पाडले.

प्राचार्यपद लाभल्यावर शिकणे थांबविणारे पुष्कळ असतात. गुणे थांबले नाहीत. १९१९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांच्या चरणी ते पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले.

योगाचा प्रभाव त्यांनी स्वतः अनुभवला. पण त्याचे कारण विद्यार्थ्याला कसे सांगावे? ‘आपले आहे म्हणून श्रेष्ठ’ असे म्हणणे सोपे होते. ‘जुने आहे म्हणून त्याज्य’ असे म्हणणे त्या काळी अधिकच सोपे होते. त्यांनी दोन्ही मार्ग नाकारले. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात, आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साह्याने, उड्डियान व नौली या क्रियांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. ऑक्टोबर १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी उपकरणांनी मोजून दाखविले. त्या निर्वात स्थितीला त्यांनी नाव दिले, ते माधवदासांचे! प्रयोगशाळेतून वाहिलेली ही गुरुदक्षिणाच होय.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्योत्तर काळात लोणावळ्यास सुरू झालेल्या योग महाविद्यालयातून योगशिक्षकांच्या पिढ्या तयार झाल्या.

आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या चरित्रातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. वर्गातला मुलगा उद्या विचारील, ‘गुरुजी, हे असे का?’ त्याला उद्धट ठरवून गप्प बसविणारा शिक्षक परंपरेचे रक्षण करीत नाही. तो तिच्याविषयीचा संशय मात्र वाढवितो. मुलाच्या प्रश्नासाठी पुन्हा अभ्यासाला बसणारा, उत्तर ठाऊक नसल्यास तसे प्रांजळपणे सांगणारा आणि मग त्याच्यासह शोध घेणारा शिक्षकच श्रद्धेला बळ देतो. पदविका हे अध्यापनाचे प्रवेशपत्र आहे. शिक्षकाचे शिक्षण त्यानंतरच सुरू होते.