जुनी पुस्तके, नवे वाचक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





आपली मुले अवांतर वाचन करीत नाहीत, अशी तक्रार पालक नेहमी करतात. ती करण्यापूर्वी आपण आपल्या घरात एकदा नजर फिरवावी. पाठ्यपुस्तके आणि गाईड वगळता मुलाच्या हाताला लागेल असे एक तरी पुस्तक घरात आहे काय? जी वस्तू घरातच नाही, तिची गोडी मुलाला लागावी कशी?

'पुस्तके महाग आहेत' हे उत्तर खोटे नाही. आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला घराबाहेर पडतात. कोणी हातगाडी लावतो, कोणी रोजंदारीवर जातो. अशा घराने कोऱ्या पुस्तकासाठी पैसे कोठून आणावेत? पण पुस्तक कोरेच हवे हा आग्रह कशाला? कागद पिवळा पडतो. गोष्ट पिवळी पडत नाही.

जुनी पुस्तके मिळतात कोठे? पहिले ठिकाण रद्दीचे दुकान. वार्षिक परीक्षा संपल्या की लोक घरे आवरतात आणि चांगली पुस्तके वजनावर विकली जातात. रद्दीवाल्याला आधी सांगून ठेवा, तो बाजूला काढून ठेवील. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक हैदराबादेत आहेत. तेथे आबिद्स भागात रविवारी पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. उर्दू पुस्तकांसाठी तेथे एक फेरी जरूर मारावी. तिसरे ठिकाण सार्वजनिक ग्रंथालये. जीर्ण झालेली पुस्तके ती रीतसर ठराव करून नोंदीतून कमी करतात. अशी पुस्तके मिळतील काय, हे ग्रंथपालांना विचारावे. मात्र बाजारात ग्रंथालयाचा शिक्का असलेले पुस्तक दिसले आणि ते रद्द केल्याची खूण नसेल, तर ते त्या ग्रंथालयाला परत पोचवावे. ते सर्वांच्या मालकीचे आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते; त्याचे जुने अंक आता संगणकावर मोफत वाचता येतात.

घेताना पाने मोजावीत. शेवटचे पान नसेल तर मूल हिरमुसते. वाळवी पाहावी. घरी आणल्यावर सावलीत वारा द्यावा, सुटलेली पाने दोऱ्याने शिवावीत, जाड कागदाचे वेष्टन घालावे आणि कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

शेजारच्या औरंगाबाद शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०२१ मध्ये मोहल्ला बाल वाचनालयांची चळवळ सुरू झाली. मोहल्ल्यातल्या मुलांनीच चालविलेली ही वाचनालये पुढे अनेक वस्त्यांत निघाली. त्यांना मोठी इमारत लागली नाही. आपल्यालाही एक लोखंडी पेटी, एक नोंदवही आणि एक जबाबदार विद्यार्थी पुरेसा आहे. दूरच्या ग्रंथालयात ज्या मुलींना पाठविले जात नाही, त्या गल्लीतल्या पेटीपर्यंत नक्की येतील. पेटीत उर्दू आणि मराठी, दोन्ही पुस्तके असावीत. उर्दू शाळेतील मुलाला मराठीची भीती वाटते; ती व्याकरणाने नव्हे, गोष्टी वाचून जाते. मराठी शाळेतील मुलालाही आजीच्या भाषेची लिपी यावयास हवी.

ऊसतोडीला निघालेल्या मुलाच्या पिशवीत चार पुस्तके घाला. हरवतील, फाटतील म्हणून अडवू नका. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेला पहिलाच नियम असा की, पुस्तके वापरण्यासाठी असतात. वाचून फाटलेले पुस्तक वाया गेले असे समजू नये. पेटीत बंद राहिलेले मात्र खरोखर वाया गेले. सहा महिने शाळेपासून तुटलेल्या मुलाला अक्षराशी जोडून ठेवणारा धागा तेवढाच असतो. तो तुटला की मूल परत वर्गात बसेलच, याची खात्री नाही.

पालकहो, या महिन्यात प्रत्येक घराने एक जुने पुस्तक आणावे, आणि रोज रात्री पंधरा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. ज्यांना स्वतः वाचता येत नाही, त्यांनी ऐकावे. आई-वडील ऐकत आहेत, यासारखे दुसरे बक्षीस मुलाला नाही.